पाच पांढऱ्या, चार लाल आणि एक जुळं

हॅलो?

हॅलो… कोण आहे? … अगं, तू होय! मग बोल की. नुसता श्वास काय घेतेस फोनमध्ये? मला वाटलं कुणी चावट माणूस आहे.

हो, झाल्या. नऊच्या नऊ चाखून झाल्या, कधीच. मी काय तुझ्यासारखी अकरा वाजेपर्यंत लोळत असते? सकाळी नुसत्या पाण्याने चूळ भरली. चहा नाही, पावडर नाही, साबणसुद्धा नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकी उघडून, टेबलावर पांढरा कागद अंथरून बसले. नऊ ग्लास, वाइनच्या नऊ छोट्या बाटल्या आणि शेजारी थुंकायला बादली. … हो गं, रीतसर. आपली रीत मोडेन का मी?

काढ तुझी वही. आणि भरभर वाच. एक वाजता छापखान्याचा माणूस येतोय, दुकानात बाटल्यांपुढे लावायच्या कार्डांचा मजकूर न्यायला. मागच्या वर्षी तुझ्या दोन ओळींसाठी तो बिचारा तासभर स्टुलावर बसला होता. … नाही, माझ्या नव्हत्या, तुझ्याच होत्या. 'थोरली म्हणते' सगळं तयार होतं, 'धाकटी म्हणते' हवेत!

थांब, थांब. वाचण्याआधी मला बोलू दे. मगाचपासून डोक्यात जाळ झालाय माझ्या. या पांढऱ्या कुणी निवडल्या? … तूच ना? वा! शाबास! पाचही म्हणजे नुसतं पाणी गं. आंबट पाणी! … स्वस्त आहेत म्हणून काय झालं? आपली यादीच परवडणाऱ्या बाटल्यांची आहे. एकोणीस वर्षं स्वस्तातलंच शोधतोय ना आपण? पण स्वस्ताला काही चव म्हणून असते की नाही! एक घोट घ्यावा, दुसरा घ्यावा, तिसरा घ्यावा… पत्ताच नाही. कुणी घरी आलंय की नाही तेच कळू नये तसं.

काय 'ताई, असं कसं'? … मला पांढरी आवडते हे मला माहीत आहे, तू नको सांगू. या दुकानात पांढरीची वकिली मी केली आणि लालची तू. म्हणून काय नळाच्या पाण्यालाही शाबासकी देऊ?

आणि लाल बघ! सहा, सात, आठ, नऊ, चारही भारदस्त. तोंडात घेतली की कळतं काहीतरी घेतलंय. सात नंबरने तर हिरड्या अशा आवळल्या की बोलता येईना. नऊ नंबर थेंबभर घशाखाली गेली, तर छातीपर्यंत ऊब. याला म्हणतात वाइन. लालच्या टिपणांचा कागद तर सकाळीच पाठवलाय तुला.

हसू नकोस. … मग काय करतेयस? … नकटे, ऐकतेयस ना?

बरं, वाचते. एक नंबर, पांढरी. 'लिंबू, हिरवं सफरचंद, ओला दगड. हलकी. दुपारी प्यावी.' … तुझं काय? … 'सफरचंद, थोडी काकडी.' बघ, जुळलं. काकडी कुठून आणलीस देव जाणे, पण जुळलं.

दोन नंबर. 'लिंबाची साल, कापलेलं गवत.' … तुझं? … हां. 'गवत, आंबट पेरू.' जुळलं! पुढे चल.

तीन… ऐक ना. तीनला मी लिहिलंय, 'फुलं.' … कसली म्हणजे? फुलं! पांढरी फुलं. फुलांना काय आता आधारकार्ड लागतं का गं? … चिडत नाहीये मी. तू विचारतेसच असं.

चार राहू दे, चारला काही दम नाही. पाच नंबर. 'पेअर, मध, थोडं लोणी. दोनपेक्षा गोलसर, जड.' … हॅलो? … हॅलो, आहेस ना?

काय झालं लोण्याला? … हो, लोणी. वास आला लोण्याचा, लिहिलं. … लाकडी पिंपात मुरली तरच येतो, मला माहीत आहे! मीच शिकवलंय तुला ते. … मग असेल मुरलेली! … 'या किमतीत कोण मुरवणार'? अगं, एखाद्याने मुरवली असेल हौसेने!

तुझ्या सांगण्यावरून मी माझं टिपण बदलायचं? लग्नाआधी तुला व्हिनेगर आणि वाइन यातला फरक कळत नव्हता. सगळं घर तुला नकटी म्हणायचं आणि मला 'नाक' म्हणायचं. आणि आता तू मला वास शिकवणार? नाकाने कांदे सोलू नकोस!

काय? … जुळं? … नाही सापडलं. नव्हतंच या वेळी. तुझे भाऊजी घालायला विसरले असणार. हल्ली विसरतात. परवा दुकानाची किल्ली दुकानातच ठेवून कुलूप लावून आले.

मला काय नियम सांगतेस? नियम केला कुणी? मी केला! बाटल्या भाऊजींनी भरायच्या, नंबर त्यांनी चिकटवायचे, तुझा संच तुला, माझा संच मला. आणि नऊ बाटल्यांत एक वाइन दोनदा भरायची, वेगळे नंबर लावून. ते जुळं जिला ओळखता येणार नाही, तिने त्या रंगाच्या एकाही कार्डावर मत द्यायचं नाही. मान्य. एकोणीस वर्षांत माझं एकदाही चुकलेलं नाही. तुझं दोनदा चुकलं, एकदा तर तू सगळ्या लालमधून बाद होऊन आठवडाभर रडत होतीस. आठवतंय ना?

…मग? … तुला सापडलं? … कोणतं?

दोन आणि पाच?

काहीतरीच काय! दोन म्हणजे गवत. पाच म्हणजे मध. कुठे गवत, कुठे मध! बाटली गरम झाली असेल तुझी. नाहीतर ग्लास साबणाने धुतले असशील. नाहीतर तो तुझा नवरा शेजारी बसून सेंट मारत असेल. … मग मी काय करू नाही मारला तर!

थांब. यांनाच विचारते. फोन ठेवू नकोस. अहो! अहो, जरा आत या! … गिऱ्हाईक असू दे, दोन मिनिटं थांबेल ते, पळून जात नाही! … या वेळी जुळं घातलंत का तुम्ही? … काय? … मोठ्याने बोला, चोरासारखं काय बोलताय? … कोणते नंबर? … चिठ्ठी दाखवा. … अहो, दाखवा म्हणते ना! चिकटवलेली आहे तर फाडा!

…

हां. आहे मी. … वाचतेय.

दोन, पाच.

नंबर चुकले असतील यांचे. चष्मा नसतो डोळ्यावर. … नाही म्हणतायत. म्हणतायत, एकाच मोठ्या बाटलीतून चारही भरल्या, तुझ्या दोन आणि माझ्या दोन. … मग माझ्या खराब झाल्या असतील! एकीला हवा लागली असेल! लागत नाही का हवा? एवढ्याशा बुचातून…

हे बघ, तू असं दबक्या आवाजात बोलू नकोस माझ्याशी. आजारी माणसाशी बोलल्यासारखं. ओरड! नेहमी ओरडतेस ना? आज काय झालं? ओरड की!

…कसलं दूध?

कोणी सांगितलं तुला दुधाचं?

यांनी? … कधी? … पंधरा दिवस? पंधरा दिवस तुम्ही दोघं माझ्या पाठीमागे फोनवर कुजबुजताय? अहो, तुम्ही मेहुणीला फोन करून माझ्या चहाच्या चहाड्या सांगता? लाज नाही वाटत? … बाहेर जा तुम्ही! … दुकानात जा! आणि दार लावा मागचं! … लावा!

…गेले. खाली मान घालून गेले. जाऊ देत.

हो, नासलं होतं दूध! फाटलं नव्हतं, पण आंबूस झालं होतं म्हणे. मी चहात घातलं, यांच्यापुढे ठेवलं आणि स्वतः अर्धा कप प्यायले. घरोघरी होतं असं. त्यावरून पंचनामा करायचा? … गॅसचं वेगळं आहे. बटण थोडं उघडं राहिलं होतं. यांनी बंद केलं ना? मग झालं!

काय म्हणालीस? परत म्हण. … म्हणजे तूच सांगितलंस यांना? 'जुळं लालमध्ये नको, पांढऱ्यात घाला' म्हणून? … तूच?

वा गं वा! माझाच फास, माझाच गळा. एवढी हुशार कधी झालीस? मी तुला हात धरून या टेबलाशी बसवलं, ग्लास कसा धरायचा ते दाखवलं, आणि तू मला सापळा लावतेस? सरळ विचारता येत नव्हतं? … काय? … 'विचारलं होतं तीनदा'? … हो, विचारलं असशील. आणि मी सांगितलं असेन, नाक खुपसू नकोस म्हणून.

…

हो.

हो म्हटलं ना! किती वेळा म्हणवून घेशील? नाही येत वास. कशाचाच नाही येत.

मला पाचही जुळ्या लागल्या गं. पाचही! कुठलं जुळं शोधणार मी? एक ग्लास नाकाला लावला, दुसरा लावला. काच आहे, एवढंच कळतंय. परत पहिला लावला. दोन तास बसले होते मी इथे. यांना वाटलं, बाई आज फार मन लावून काम करतेय.

त्या तापानंतर. … तोच, उन्हाळ्यातला, तीन दिवसांचा. ताप गेला आणि जाताना हे घेऊन गेला. … अडीच महिने. … कशाला सांगू? तू येऊन काय माझ्या नाकात फुंकर घालणार होतीस?

लाल जिभेवर कळते, म्हणून बरोबर आली. तुरट, आंबट, गरम हे जीभ सांगते, हिरड्या सांगतात, घसा सांगतो. स्वस्तातल्या पांढरीचं सगळं नाकात असतं. नाक गेलं की पांढरी गेली. ते तुला ठाऊक होतं म्हणूनच पांढऱ्यात घालायला लावलंस ना जुळं? … मग रडतेस कशाला? जिंकलीस ना!

वह्यांतून. … माझ्याच जुन्या वह्यांतून. यांनी दुकानात किमतींचा कागद ठेवला होता, तो बघून अंदाज बांधला, कुठली बाटली कुठली असेल. मग चार वर्षांपूर्वीच्या पानावरून लिंबू उचललं, दुसऱ्या पानावरून गवत. लोणी कुठल्या महाग बाटलीचं होतं, ते इथे लावून बसले. … हो, चोरी केली! माझे शब्द, मीच चोरले! पोलिसांना बोलावतेस?

नाही गेले डॉक्टरकडे. … नाही गेले म्हणजे नाही गेले. वेळ नव्हता. … बरं, वेळ होता. खरं ऐकायचंय? तो म्हणाला असता, 'येईल हळूहळू', तर मी रोज सकाळी उठून वाट बघत बसले असते. आणि म्हणाला असता, 'गेलं ते गेलं', तर? मग मी कोण गं? मी या दुकानात कोण? मला दुसरं काय येतं?

भीती वाटते मला. झालं समाधान?

परवा मुलगी आली होती ना, बाळाला घेऊन. मांडीवर दिलं तिने. मी त्याच्या डोक्याला नाक लावलं. सगळ्या बायका लावतात तसंच. काही नाही. आरशाला नाक लावल्यासारखं. लेक म्हणाली, 'आई, कसा छान वास येतो ना त्याला?' मी म्हटलं, हो. … असं पटकन 'हो' निघालं तोंडातून! त्या लेकराबद्दलसुद्धा खोटं बोलले मी. तेव्हापासून जो राग आलाय तो उतरतच नाही. तुझ्यावर नाही. यांच्यावरही नाही. कुणावर काढू ते कळत नाही, म्हणून सगळ्यांवर काढतेय.

तू शिंकरून ये आधी नाक. त्या आवाजात मला काही ऐकू येत नाही.

…काय करतेस? … नाही. … नाही म्हटलं! तू दोन्ही ओळी लिहिणार? माझी पण? … 'कुणाला कळणार नाही'? … माझी भाषा तुला येते, मला माहीत आहे. ओला दगड, कापलेलं गवत, दुपारी प्यावी. येईल तुला. हुबेहूब येईल. पण खबरदार!

का म्हणजे? ती शाळेतल्या बाई येतात ना, पिवळी पिशवी घेऊन, पगाराच्या दिवशी? महिन्याला एकच बाटली नेतात. एकच! पाऊण तास उभ्या राहून सगळी कार्डं वाचतात. तू काय म्हणतेस, मी काय म्हणते, कुठे आपलं पटलंय, कुठे भांडण आहे. आपलं दोघींचं पटलंय अशीच बाटली उचलतात. म्हणतात, 'दोन माणसांनी सांगितलंय, म्हणजे पैसे वाया नाही जायचे.' आता त्यांना मी काय देऊ? एकाच माणसाला दोनदा बोलायला लावू? महाग बाटली घेणाऱ्याची एक फसली तर तो दुसरी फोडतो. यांची एक फसली की महिना गेला.

… 'मी खरंच लिहीन' म्हणतेस? तरी ती फसवणूकच ना! फसवायचंच असेल तर मीच काय वाईट होते? माझं चाललं होतं ना छान, वहीतून!

…नको. रिकामी नाही सोडायची ओळ. 'थोरली म्हणते' आणि पुढे काही नाही? लोकांना वाटेल, मेली थोरली. हार घेऊन येतील दुकानात.

नियम आहे. जुळं चुकलं, पांढऱ्यातून बाद. तू आठवडाभर रडलीस तेव्हा सोडलं होतं का मी तुला? नाही ना? मग मला कसं सोडतेस? … मोठी आहे म्हणून? मोठी आहे म्हणूनच नाही सोडायचं!

घे पेन. … आहे ना हातात? लिही. 'थोरली म्हणते.' … लिहिलंस? पुढे, 'या वर्षी मला वास येत नाही.' … हो. असंच, साधं. … 'दुर्दैवाने' नको. … 'सर्दीमुळे' तर अजिबात नको, मला सर्दी नाही. खोटी सर्दी चिकटवू नकोस मला. … 'वास येत नाही.' टिंब दे. पुढे, 'धाकटीचं खरं माना.' … लिही ना! … लिही म्हणते! मान तुझा आहे, लाजतेस कशाला?

पाचही कार्डांवर. … हो, दोनवर आणि पाचवर पण. ती तर एकच वाइन आहे, बावळटे, एकच कार्ड लागेल. चार कार्डं झाली. बघ, एवढंसुद्धा माझ्या ध्यानात नाही राहिलं.

यांना मी सांगते. … ओरडतील, 'धंदा बुडवतेस' म्हणतील. म्हणू देत. सापळ्यात सामील झाले ना, आता भोगा.

काय? … उद्या? … उद्या किती वाजता? … नऊ. … तूच घेतलीस वेळ डॉक्टरची? मला न विचारता? … परवाच घेऊन ठेवलीस! म्हणजे आज मी पकडली जाणार हे तू आधीच धरून चाललीस. … बरं. बरं, येते म्हटलं ना! पण आत तू बोलायचं नाहीस. तुझी सवय आहे सगळ्यांच्या वतीने बोलायची. नाक माझं आहे, मी बोलेन.

अगं, थांब, लाल राहिल्या की! लालवर मत आहे मला, जुळं पांढऱ्यात होतं. चार कार्डं माझी आहेत, ती सोडणार नाही मी. … तुझ्यासमोर आहे ना मी सकाळी पाठवलेला कागद? … हां. तो घे आणि खोडायला लाग.

सहा नंबर. 'काळी चेरी' खोड. … वहीतली आहे. खोड. … सात. 'मिरी, तंबाखू' खोड. … आठमध्ये 'जुनं चामडं' आहे ते खोड. फार दिमाखात लिहिलं होतं, खोड. … नऊ. 'आलुबुखार, धूर.' … खोड गं. मला नाही आला धूर.

झालं? आता वाच. काय राहिलं नऊवर?

…

परत वाच.

'हिरड्या आवळते. छातीपर्यंत ऊब. घाई करू नका.'

हो. एवढं माझं आहे. एवढंच छाप.

…छापखान्याचा माणूस आला वाटतं. सगळा मजकूर लगेच पाठव, ठेवते.